पेटीला कुणी उठवायचं

माझा धंदा यंत्रांना झोपवण्याचा. लग्न जमवायच्या वेळी एका ठिकाणी मी हे असंच सांगितलं, तर मुलीचे वडील माझा दवाखाना कुठे आहे ते विचारायला लागले. पुढच्या ठिकाणी आईने मला बोलूच दिलं नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं म्हणाली आणि लग्न जमलं.

खरं तर काम समजायला अवघड नाही, लोकांना ते समजून घ्यायचं नसतं. रानात खांबावर बॅटरीवर चालणारी पेटी असते आणि तिच्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो सारखा जागा राहिला तर बॅटरी संपते, म्हणून काम नसलं की त्याला झोपवायचं. त्या झोपेला आम्ही सस्पेंड म्हणतो. झोपवणं कुणालाही जमतं. डोकं लागतं ते झोपलेल्याला कुणी उठवायचं हे ठरवायला. पेटीतला प्रत्येक भाग, म्हणजे सेन्सर, घड्याळ, मोडेम, आपल्या तारेवरून कॉम्प्युटरला टोचू शकतो. त्या टोचण्याला इंटरप्ट म्हणतात, आणि त्या भागाशी बोलणारा जो कोड कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणाऱ्या मुख्य प्रोग्राममध्ये, बसलेला असतो त्याला ड्रायव्हर. झोपताना कर्नल सगळ्यांचं टोचणं बंद करून टाकतं. ज्याच्या ड्रायव्हरने आधी सांगून ठेवलंय की याचं काम महत्त्वाचं आहे, याला उठवू द्या, त्याचीच तार तेवढी चालू राहते. असे जे मोजके हक्कदार, ते वेकअप सोर्स. हे ड्रायव्हर लिहायचे आणि दुसऱ्यांनी लिहिलेले निस्तरायचे, हे माझं काम.

माझ्या स्वतःच्या झोपेला अशी काही सोय नाही. दौंडच्या आमच्या घरात मला कुणीही उठवतं. पाण्याचा टँकर उठवतो, शेजारच्यांचं कुत्रं उठवतं, आणि ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशा चुलत नातेवाइकांचा शुभ सकाळचा मेसेजसुद्धा उठवतो.

बायकोची नोकरी दौंडला आणि माझी कंपनी कारेगावला. रोज मोटारसायकलवर चौफुला, पारगावचा पूल, न्हावरे असं करत जायचं. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाला लागून माझ्या मामांची वस्ती आहे, परत येताना तिथे चहा होतो. कंपनी म्हणजे एका खानावळीच्या वरचा मजला. खाली कामगारांच्या डाळीला फोडणी पडली की वर आमच्या मीटिंगमध्ये सगळे शिंकतात. मालकांना आम्ही सर म्हणतो. सर हुशार आहेत, ओळखी भरपूर आहेत, पण कुठलीही अडचण आली की त्यांना एकच उत्तर सुचतं: सॉफ्टवेअरमध्ये करून टाकू. पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

ही पेटी बिबट्यासाठी होती. आमच्या भागात ऊस वाढला तसे बिबटे वाढले. लोक त्यांना वाघच म्हणतात. उसातच जन्मलेल्या या बिबट्यांनी जंगल पाहिलेलं नाही. ते न्हावऱ्याचेच रहिवासी आहेत, फक्त मतदार यादीत त्यांचं नाव नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. बिबट्या मान धरतो, म्हणून मध्यंतरी गावोगाव गळ्यात घालायचे पट्टे आले, बाहेरून टोकदार खिळे असलेले. पूर्वी असे पट्टे मेंढरांमागच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचे. आता प्रगती होऊन ते बायकांच्या गळ्यात आले. मामांचं गावच्या सोसायटीत पॅनेल आहे, त्या पॅनेलने ते वाटले, वाटतानाचे फोटो काढले आणि मामीला घरचीच म्हणून पहिला पट्टा मिळाला.

मामांचा गोठा असा बांधलेला आहे की धारेला बसलं की पाठ उसाकडे होते. बांधला तेव्हा उसात फक्त ऊस होता. मामी पट्टा घालून बसायची, चार पिळे काढायची आणि मान वळवून मागे बघायची. पुन्हा चार पिळे, पुन्हा मान. खिळे खांद्याला टोचायचे, गाय बिचकायची आणि पान्हा चोरायची. मग मामी गाईलाही बोलायची आणि मामांनाही बोलायची. मामांना ते ऐकू जायचं नाही, कारण ते मीटिंगला असायचे. आमच्या कंपनीत बिबट्याची पेटी होतेय हे कळल्यावर तिने मला चहाचा कप देता देता सांगितलं, "मला पाठ फिरवून निवांत धार काढता आली पायजे. तुझ्या कॉम्प्युटरचं एवढंच कर, बाकी काय न्हाई."

एवढंच करायचं होतं. पेटीतला सेन्सर समोर काही उबदार आणि हलणारं दिसलं की टोचणार, कॉम्प्युटर उठणार, कॅमेरा फोटो घेणार, बिबट्या असेल तर भोंगा वाजवणार आणि मामांना फोन लावणार. माणूस, कुत्रं, गाय असेल तर गुपचूप पुन्हा झोपणार.

सेन्सर ज्यांच्याकडून घेतला त्यांनी ड्रायव्हरही दिला होता. पहिल्याच चाचणीत पेटी जी झोपली ती उठेचना. मी सेन्सरसमोर हात हलवले, उड्या मारल्या, शेवटी खालच्या खानावळीतला आचारी वर बघायला आला. ड्रायव्हर उघडला तर त्या महाभागाने इंटरप्टवर 'झोपेतही हा बंद करू नका' एवढा शेरा मारला होता आणि झालं काम म्हणून हात झटकले होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांत असं समजणारे पैशाला पासरी मिळतात. तार चालू राहणं वेगळं आणि त्या तारेला उठवायचा हक्क असणं वेगळं. दारावरची कडी वाजत राहिली आणि घरातल्या कुणालाही जाग आली नाही, तर त्या कडीचा उपयोग काय? झोपायला जाताना ड्रायव्हरने कर्नलकडे तो हक्क मागायचा असतो आणि उठल्यावर परत करायचा असतो, दोन ओळींचं काम आहे. मी तो शेरा काढला, दोन ओळी घातल्या. हक्क द्यायचा की नाही हे बाहेरून एका फाइलमध्ये एक शब्द लिहून ठरवता येतं, ती नेहमीची सोयही ठेवली. 'एनेबल्ड' लिहिलं की सेन्सर उठवू शकतो, 'डिसेबल्ड' लिहिलं की त्याने टोचटोच टोचावं, कुणी ऐकत नाही. त्यानंतर पेटी बोट हलवलं तरी उठायला लागली. मला स्वतःचं कौतुक वाटलं, दुसऱ्या कुणाला वाटलं नाही.

पेट्यांचं उद्घाटन मामांच्या वस्तीवर झालं. मांडव, खुर्च्या, फीत, नारळ, सगळं होतं. सरांनी भाषणात कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द इतक्यांदा वापरला की माझ्या शेजारचे एक आबा तिला कुणा अधिकारी बाईचं नाव समजून कधी येणार म्हणून विचारायला लागले. प्रात्यक्षिकासाठी बिबट्या मिळेना. मग सोसायटीतला एक तरतरीत कार्यकर्ता पिवळी चादर अंगावर घेऊन चार पायांवर बांधावरून चालत आला. पेटी उठली, फोटो काढला, माणूस आहे असं तिने ओळखलं आणि ती पुन्हा झोपली. म्हणजे पेटी अगदी बरोबर वागली. पण भोंगा वाजला नाही म्हणून लोक निराश झाले, आणि तो कार्यकर्ता तर जरा जास्तच झाला. शेवटी सरांनी लॅपटॉपवरून भोंगा वाजवला, टाळ्या पडल्या आणि जेवणं झाली.

पण खरं कौतुक मामीने केलं. पहिल्या आठवड्यात बांधावरून एक बिबट्या गेला, भोंगा वाजला, तो उलट्या पावली उसात पळाला. दुसऱ्या दिवशी मी चहाला थांबलो तेव्हा पट्टा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला होता आणि मामी उसाकडे पाठ करून, गाईच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत होती. मागे एकदाही वळून बघत नव्हती. पेटीवर एक हिरवा दिवा आहे. तो फक्त बॅटरी चार्ज होतेय एवढं सांगतो, पण मामीने तो पेटीचा डोळा मानला होता. दिवा हिरवा दिसला की बादली घेऊन निघायची. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी लिहिलेल्या कोडने एका माणसाची मान सरळ झाली होती.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार घालतात. ट्रॅक्टर, मोटार, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, कुणी सुटत नाही. आणि घातलेला हार कुणी काढत नाही. तो ट्रॅक्टरच्या तोंडावर वाळतो, काळा पडतो, दोऱ्यावर लोंबत राहतो आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत आपोआप गळून जातो. पेटी हेही यंत्रच. न्हावऱ्यापासून भीमेपलीकडे दौंडच्या हद्दीपर्यंत आमच्या जेवढ्या पेट्या होत्या, तेवढ्यांना मोठ्या भक्तीने हार पडले.

दिवाळी आटोपेपर्यंत एकेका पेटीची बॅटरी मान टाकायला लागली. उठलं की आपल्याला कुणी उठवलं हे कर्नल टिपून ठेवतं, आणि ती माहिती पेटी आम्हाला पाठवते. पाहिलं तर सगळीकडे एकच गुन्हेगार: सेन्सर. ऊन चढलं की सुरू, दिवस मावळेपर्यंत चालू. पेटी झोपायला निघाली की अर्ध्या वाटेतच सेन्सर टोचायचा आणि झोप रद्द. फोटो बघितले तर त्यांत बिबट्या नाही, कुत्रं नाही, वरच्या कडेला एक काळपट झालर तेवढी दिसत होती. लेन्सला जाळं धरलं असेल असं आमच्यातल्या एकाने मत दिलं.

मी त्या संध्याकाळी मामांकडे थांबून पेटी बघितली. सेन्सरच्या बरोबर तोंडासमोर दसऱ्याचा हार वाळून लोंबत होता. उन्हाने तापायचा, वाऱ्याने हलायचा. उबदार आणि हलणारं, म्हणजे सेन्सरला जे हवं तेच. मी हार काढायला हात वर केला तर मामांनी मनगट धरलं.

"भाचेबुवा, देवाचा हार हाय तो. दसऱ्याचा. त्याला कुणी हात लावत न्हाई, आपोआप गळंल."

मी समजावलं की हारामुळे पेटीला झोप नाही, पेटीला झोप नाही म्हणून बॅटरी नाही, आणि बॅटरी नाही तर भोंगा नाही. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले की सोसायटीची निवडणूक तोंडावर आली आहे, आणि यांच्या पॅनेलने दसऱ्याचा हार उतरवला असं समोरच्यांनी उठवलं तर ते निस्तरायला माझा कर्नल येणार आहे का? मी हात खाली घेतला.

मी तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, सोसायटीला सांगा, हार काढले की सगळं सुरळीत होतंय. सरांना सोसायटी म्हणजे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक म्हणजे देव. ते म्हणाले, "अरे, लोकांच्या भावनांना हात लावायचा नाही. हार राहू दे. सॉफ्टवेअरमध्ये करून टाकू."

मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये हार कसा काढायचा? ते म्हणाले, सेन्सरचं उठवणंच बंद कर, घड्याळाला उठवू दे. थोड्या थोड्या वेळाने पेटी उठेल, आजूबाजूला बघेल, सगळं ठीक असल्याचा मेसेज पाठवेल आणि झोपेल. मी विचारलं की हे वेळापत्रक बिबट्याला कोण कळवणार. सरांना विनोद आवडत नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. सेन्सर बंद करून ही पेटी म्हणजे खांबावर टांगलेला डबा आहे, मला सोमवारपर्यंत वेळ द्या, सेन्सर हलवून हाराच्या वर बसवतो, असं सांगितलं. सरांनी 'बघू' म्हटलं. 'बघू' म्हणजे काय हे मला एवढ्या नोकरीनंतर कळायला हवं होतं.

शनिवारी सरांची कुणा साहेबांबरोबर बैठक होती आणि तिथे बॅटरीचे आकडे दाखवायचे होते. त्यांनी मला फोन केला नाही. स्वतःच लॅपटॉप उघडला, चाचणीसाठी ठेवलेलं घड्याळाचं उठवणं सुरू केलं आणि सगळ्या पेट्यांच्या त्या एका फाइलमध्ये 'डिसेबल्ड' हा एक शब्द लिहून टाकला. ड्रायव्हरने इमानदारीत तो वाचला आणि झोपायला जाताना सेन्सरसाठी हक्क मागणं सोडून दिलं. रविवारपर्यंत सगळ्या बॅटऱ्या तुडुंब भरल्या, सगळे दिवे हिरवेगार झाले.

रविवारी दिवस कलताना मामीने हिरवा दिवा बघितला, बादली घेतली आणि धारेला बसली. पट्टा खुंटीला होता. पाठीमागे कालवड बांधली होती, त्याच गाईची, मामीने हाताने पाजून वाढवलेली. दोराचा हिसका बसल्याचा आवाज झाला म्हणून मामी वळली, तर बिबट्याने कालवडीचा गळा धरलेला. हात लांबवला असता तर त्याच्या पाठीला लागला असता, असं ती नंतर सांगत होती. तिने दुधाची बादली त्याच्या अंगावर फेकली, मग तीच उचलून दगडाने वाजवत ओरडत राहिली. दोर तुटला. बिबट्या कालवड ओढत तिच्यासमोरून उसात गेला. त्याला घाई नव्हती.

त्याच वेळी मामा सोसायटीच्या मीटिंगमध्ये होते. बिबट्या उसात शिरल्यावर थोड्या वेळाने घड्याळाने पेटीला उठवलं. तिने आजूबाजूला बघितलं, समोर हार होता, मागे रिकामा बांध होता, आणि तिने मामांच्या मोबाइलवर मेसेज पाठवला: परिसर सुरक्षित आहे. मामांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. समोरचं पॅनेल गप्प बसलं. वाचून संपतं न संपतं तोच मामीचा फोन आला.

मला हे रात्री फोनवर कळलं. सकाळी कंपनीत जाऊन पेटीची माहिती उघडली आणि तो शब्द दिसला. सरांना विचारलं, तर ते म्हणाले की सिस्टिम ठरवल्याप्रमाणेच वागली, बिबट्या दोन तपासण्यांच्या मधल्या वेळेत आला. जणू चूक बिबट्याची होती. मी त्यांना सांगितलं की तिथे माझी मामी बसली होती, कालवड होती म्हणून ती वाचली. सर म्हणाले, आपण व्हर्जन टू काढू.

व्हर्जन टूमध्ये नवीन काय होतं ते मी सांगतो, कारण मीच ते केलं. फाइलमध्ये पुन्हा 'एनेबल्ड' लिहिलं. सेन्सर हाराच्या वर सरकवायला सर तयार झाले नाहीत, पेटीचा देखावा बिघडतो म्हणे. बाकी एक नवीन स्टिकर होता. हार मात्र मामांनी स्वतःच उतरवला आणि मुकाट्याने नदीला सोडून आले. कालवड गेल्यापासून मामी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती, आणि तसं बघितलं तर घरात त्यांना काही कामच नव्हतं.

पण व्हर्जन टू आलं म्हणजे उद्घाटन आलं. पुन्हा मांडव, पुन्हा खुर्च्या. मामीला साडी नेसवून पुढे बसवलं, आणि एक कार्यकर्ता खुंटीवरचा पट्टा घेऊन आला, फोटोपुरता हातात धरा म्हणाला. मामीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पट्टा जागेवर ठेवून आला. आणि मग एका अप्पांनी पिशवीतून ताजा, मनगटाएवढा जाड झेंडूचा हार काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत पेटीला घातला. मी उठून सरांच्या कानाला लागलो. सर म्हणाले, "दोन मिनिटं राहू दे, फोटो होऊ दे."

सर भाषणाला उभे राहिले. आमच्या यंत्रणेचे डोळे आता कधीच मिटणार नाहीत, असं काहीतरी चाललं होतं. वारा सुटला, हार हलला, आणि मी लिहिलेल्या दोन ओळींनी आपलं काम चोख केलं. सेन्सर टोचला, पेटी उठली. दसऱ्याचा हार कॅमेऱ्याच्या वरच्या कडेलाच राहिला होता, हा जाड हार थेट समोर आला: भगवी पिवळी फुलं आणि त्यांच्यामधल्या काळ्या फटी. त्या कॅमेऱ्याला शिकवणाऱ्यांनी त्याला बिबट्याचे ढिगाने फोटो दाखवले होते, झेंडूच्या हाराचा एकही दाखवला नव्हता. भोंगा वाजला.

मांडव कसा रिकामा झाला ते मला अजून नीट सांगता येत नाही. खुर्च्या उलटल्या, माईक पडला. जो तो वाट दिसेल तिकडे पळाला आणि सगळ्यात जवळची वाट उसात जात होती, म्हणून बरेच मान्यवर बिबट्याच्या घरात जाऊन लपले. सर आपल्या गाडीत बसले आणि त्यांनी काचा वर केल्या. मामा ट्रॉलीवर चढले आणि तिथून सगळ्यांना घाबरू नका म्हणून सांगत होते. त्यांचा मोबाइल सारखा वाजत होता. पेटीच त्यांना फोन लावत होती.

मामी तेवढी जागची उठून आधी गोठ्याकडे बघून आली. मग खांबाकडे गेली, हात वर करून हार ओढून काढला आणि गाईपुढे टाकला. भोंगा बंद झाला. ट्रॉलीवरून मामा काही बोलायला गेले, पण देवाचा हार गाईच्या मुखात गेला तर त्याला कोण काय म्हणणार? समोरच्या पॅनेललाही काही म्हणता आलं नसतं. गाय सावकाश झेंडू चघळत राहिली. मी हसत होतो. मामी हसत नव्हती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. सेन्सर वर सरकला, देखावा बिघडला तर बिघडू दे असं सरच म्हणाले. कॅमेऱ्याला झेंडू शिकवला. तो शब्द बदलायचा तर आता दोघांची परवानगी लागते, त्यातला एक मी आहे. निवडणूक मामांच्या पॅनेलने जिंकली. उसात लपलेल्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते, त्यामुळे त्या प्रकाराचा कुणी प्रचार केला नाही.

परवा कारेगावहून येताना वस्तीवर थांबलो. ऊन उतरलं होतं. मी मुद्दाम बांधावरून चालत गेलो, पेटी उठली, माझा फोटो घेतला, माणूस म्हणून ओळखलं आणि झोपली. मोबाइलवर बघितलं, उठवणारा सेन्सरच होता, कुठे काही चुकलेलं नव्हतं. एवढं नीट चाललेलं काम मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मी खूश होऊन गोठ्यात गेलो.

मामी धारेला बसली होती. गळ्यात पट्टा होता. चार पिळे काढले की मान वळवून उसाकडे बघत होती, खिळे पदरात अडकत होते, ते सोडवून पुन्हा चार पिळे.

मी म्हटलं, "मामी, आता पेटी उठती. मी आत्ताच बघून आलो. पट्टा काढा तो."

"उठत आसंल," मामी म्हणाली. "पेटीचं तू बघितलंस. मानंचं काय करू? ती आता ऐकत न्हाई."

ती पुन्हा वळून धार काढायला लागली. बादलीत दुधाचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता. मी खांबाकडे बघितलं. दिवा हिरवा होता आणि पेटी ठरवल्याप्रमाणे झोपली होती.